लाल आकड्यांना न घाबरणारं अलाइनमेंटचं दुकान

सोलापुरात व्हील अलाइनमेंटच्या दुकानांना तोटा नाही. सात रस्त्यापासून आसरा चौकापर्यंत गेलात तरी थ्रीडी मशीनच्या पाट्या दिसतात. पण 'गाडी ट्रॅकवर पळवायची आहे, पुढच्या चाकांना उणे दोन डिग्री कॅम्बर पाहिजे' असं सांगितल्यावर आपल्या तोंडाकडं बघत न बसता 'टायर कुठला घातलाय आणि तो कुठनं खायलाय?' एवढंच विचारणारं दुकान मला एकच मिळालं. (कॅम्बर म्हणजे उभ्या चाकाचा आत-बाहेर कल. उणा म्हणजे चाकाचं डोकं आत.) होटगी रोडला, एमआयडीसीच्या अलीकडं. नाव लिहीत नाही, कारण मालकांनीच बजावलंय. नाव छापलं की रविवारी गाड्या खाली बसवायला पोरांची रांग लागेल म्हणे. त्या भागात 'अण्णांचं अलाइनमेंट' म्हणून विचारा, चहावालासुद्धा सांगेल.

गाडी माझी 2019 ची स्विफ्ट, पेट्रोल. अक्कलकोट रोडला आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे, रोजची ये-जा हिच्यातनंच. आणि सवड मिळाली की हीच घेऊन कोईम्बतूरजवळ चेट्टीपाळयमला, करी मोटर स्पीडवेवर. ट्रेलरवर घालून न्यायची आपली ऐपत नाही. विजापूर, बेंगळुरू करत हजारेक किलोमीटर स्वतः चालवत न्यायची, ट्रॅकवर पिळून काढायची आणि त्याच टायरवर घरी परत यायचं. त्यामुळं सेटिंग असं पाहिजे की ट्रॅकवर गाडी वळली पाहिजे आणि हायवेवर टायरचा चुराही होता कामा नये. या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध आहेत. ते ज्याला न सांगता कळतं त्याच्याकडंच गाडी द्यावी.

करीचा ट्रॅक लहान, 2.1 किलोमीटरचा. वळणं जवळजवळ, पुढच्या टायरला श्वास घ्यायला जागा नाही. तिथं माझी गाडी वळणात नाक बाहेर काढायची, स्टेअरिंग कितीही पिळलं तरी. संध्याकाळी टायर बघितला की बाहेरची कड घासून गुळगुळीत आणि आतला निम्मा भाग जवळपास नवा. कारण साधं आहे. स्विफ्टला पुढं मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकॉप एकाच खांबात. वळणात गाडी एका अंगाला कलली की बाहेरचं चाक तिच्याबरोबर बाहेरच्या बाजूला कलतं. स्प्रिंग दबल्यावर चाकाला जो थोडा उणा कॅम्बर मिळतो, तो या कलण्यापुढं तोकडा पडतो. मग टायर सपाट न टेकता बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो. म्हणून गाडी सरळ उभी असतानाच चाकाचं डोकं आत झुकवून ठेवायचं, म्हणजे ऐन वळणात ते सरळ होतं. कंपनीनं मात्र पुढच्या चाकांना टो (वरनं बघितलं तर चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर आहेत ते) सोडून काहीच फिरवायला ठेवलेलं नाही, आणि कॅम्बरचा आकडा शून्याच्या आसपास दिलाय. रोजच्या वापराला तो बरोबरच आहे.

आता मशीनची गंमत. थ्रीडी मशीनमध्ये प्रत्येक गाडीचे कंपनीचे आकडे भरलेले असतात. त्या हद्दीत चाक असलं की स्क्रीनवर हिरवं, बाहेर गेलं की लाल. बहुतेक दुकानांत पोराला एवढंच शिकवलेलं असतं की सगळं हिरवं झालं की पट्टे काढ आणि पैसे घे. दुसऱ्या एका शहरात, चकचकीत काचेच्या दुकानात, मी पैसे मोजून कॅम्बर बोल्ट बसवून घेतले होते. तिथल्या पोरानं ते बोल्ट फिरवून फिरवून कॅम्बर परत हिरव्यात आणून ठेवला आणि वर हसत प्रिंट हातात दिली. 'सर, रेड राहिलं तर सिस्टीम जॉब क्लोज करत नाही.' आता याला काय बोलणार?

अण्णांकडं गाडी लावली तेव्हा त्यांनी मशीनकडं बघितलंसुद्धा नाही. जॅकवर चढवली, एकेक चाक वर-खाली धरून हलवलं, मग आडवं धरून हलवलं. वर-खाली खेळ असला तर बॉल जॉइंट नाहीतर बेअरिंग, आडवा असला तर टाय रॉड, म्हणजे स्टेअरिंगकडनं चाक वळवणारा दांडा. मग टॉर्च तोंडात धरून खाली गेले आणि तिथनंच हाक मारली.

'मालक, इकडं या. उजव्या लोअर आर्मचं मागचं बुश बघा, फाटलंय. ह्याच्यावर आकडे लावून काय फायदा? ब्रेक मारला की आर्म मागं सरकतंय, टो बदलतंय. मशीनवर एक आन् रोडवर एक.'

लोअर आर्म म्हणजे चाकाला खालनं धरणारा दांडा, बुश म्हणजे त्याच्या सांध्यातलं रबर. आर्म काढलं, बुश नवीन बसवलं. या दुकानाबद्दल लिहायला मला खरं भाग पाडलं ते यानंतरच्या अर्ध्या तासानं. आर्म परत लावताना गाडी हवेत होती, तेव्हा त्यांनी बोल्ट नुसते हातानं घातले, पाना लावलाच नाही. मग गाडी खाली चाकांवर घेतली. दोघांनी पुढं-मागं ढकलली, बॉनेटवर दोन-चार वेळा वजन टाकून दाबली, ती आपल्या जागेवर बसली, आणि मग अण्णा खड्ड्यात उतरून टॉर्क रेंचनं बोल्ट आवळून आले. सोलापुरातच काय, बाहेरसुद्धा मी हे फार ठिकाणी बघितलेलं नाही. बुशमधलं रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटवलेलं असतं. चाक लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर ती नळी त्याच स्थितीत घट्ट धरली जाते, आणि गाडी खाली आली की रबर कायमचं पिळलेलं राहतं. मग ते लवकर फाटतं, आणि तोवर उगाच स्प्रिंगचं काम करत गाडीची उंचीही बिघडवतं. गाडी हवेत असतानाच सगळं आवळून टाकणं सोपं असतं, उभ्यानं होतं, कपडे खराब होत नाहीत. अण्णांचे कपडे मात्र कायम खराब असतात.

स्प्रिंग मी आधीच आणल्या होत्या, 25 मि.मी. खाली बसवणाऱ्या आणि मूळच्यापेक्षा थोड्या कडक. शॉकॉप मात्र गाडीच्या कंपनीचेच, नवे. त्याच दिवशी शेजारी एक पोरगा त्याची गाडी घेऊन आला होता. त्याला स्प्रिंगचे दीड वेढे कापून पाहिजे होते. अण्णांनी त्याला हाकललं नाही, रॅम्पखाली बोलावलं. लोअर आर्म दाखवलं. चाकाकडचं टोक अजून खाली आहे, हे आर्म आडवं होईपर्यंत ठीक, त्याच्यावर गेलं की उलटं काम सुरू. आहेच ते तसं. गाडी जास्त बसवली की आर्मचा कोन बदलतो, गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो रोल सेंटर गाडीच्या वजनाच्या मध्यबिंदूपेक्षा भराभर खाली जातो, आणि खाली बसवलेली गाडी उलट जास्त कलायला बघते. शिवाय स्प्रिंग दबताना कॅम्बर मिळायचा तोही जातो. कापलेली स्प्रिंग तर चाक हवेत गेलं की आपल्या खोबणीतनं सुटते. पोरगा 'बघतो, येतो' म्हणून गेला. कुणीतरी त्याला कापून दिलीच असेल.

शॉकॉप बसवताना अण्णांनी दांडीवरचं रबरी कव्हर वर सारून तिथं एक प्लॅस्टिकची केबल टाय आवळली. पाच पैशांची वस्तू. मग मला शेजारी बसवून स्वतः गाडी तुळजापूर रोडला काढली, स्पीड ब्रेकर मुद्दाम न टाळता. परत आल्यावर बघितलं तर टाय दांडीवर वर सरकलेली, बंप स्टॉपच्या (दांडीच्या शेवटाला असलेल्या रबरी अडथळ्याच्या) बोटभर अलीकडं थांबलेली. म्हणजे शॉकॉप एवढाच दबला, अजून जागा आहे. वळणात पुढचा शॉकॉप बंप स्टॉपवर जाऊन बसला तर त्या कोपऱ्याला एकदम कडकपणा येतो, टायर पकड सोडतो, आणि चालवणारा मात्र टायरला शिव्या घालत बसतो. हे सांगायला लाखाचं डेटा लॉगर नको, केबल टाय पुरते. करीच्या कर्बवरनं, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यांवरनं, आल्यावर ती कुठं सरकली ते बघायचं, असं सांगून त्यांनी कव्हर खाली ओढलं.

मग मशीन. रिकाम्या गाडीवर सेटिंग करायला अण्णा तयार नव्हते. 'चालवणार कोण, भूत?' पावणेनऊशे किलोच्या आतल्या गाडीत माझं 78 किलो वजन एका अंगाला येतं, त्यानं आकडे हलतातच. मी कारखान्यातनं टॉवेलचे गठ्ठे आणून ड्रायव्हरच्या सीटवर रचले, काट्यावर मोजून. टाकी अर्धी. स्विफ्टची टाकी 37 लिटरची, त्यामुळं पूर्ण भरली काय आणि रिकामी काय, पंचवीस-तीस किलोचा फरक मागं पडतो. टायरची हवा स्वतःच्या गेजनं चारही चाकांत बघितली. कास्टर (चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा पुढं-मागं कल) मोजायला स्टेअरिंग दोन्हीकडं फिरवलं तर आकडे वेडेवाकडे. दुकानातल्या पोरानं चाकांखालच्या टर्न प्लेटच्या पिना काढल्याच नव्हत्या. चाकं प्लेटवर मोकळी फिरण्याऐवजी अडकून बसलेली. अण्णांनी त्याला कन्नडमधनं जे काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पिना काढून सगळं पहिल्यापासून.

स्प्रिंग बदलल्यावर कॅम्बर डावीकडं उणे 0 डिग्री 40 मिनिटं, उजवीकडं उणे 0 डिग्री 55. स्विफ्टमध्ये स्ट्रट खालच्या नकलला (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला) दोन बोल्टांनी धरलेला असतो. त्यातला एक काढून तिथं एक्सेंट्रिक कॅम्बर बोल्ट घालायचा. बोल्ट फिरवला की नकल स्ट्रटच्या खाली थोडी तिरकी होते. बोल्ट फिरत गेला तसा स्क्रीनवरचा आकडा हिरव्यातनं लाल झाला आणि पोरगं सवयीनं थांबलं. अण्णा म्हणाले, 'लाल होऊ दे की बे. आपल्याला लालच पाहिजे.' शेवटी डावीकडं उणे 2 डिग्री 05 मिनिटं, उजवीकडं उणे 2 डिग्री 10. टायरचं डोकं आत आल्यामुळं ते स्ट्रटला घासतंय का, हे मधे बोट घालून बघितलं. कॅम्बरचा बोल्ट मूळच्यापेक्षा बारीक असतो, त्यामुळं जोराचा दणका बसला की तो सरकू शकतो. म्हणून बोल्टच्या डोक्यावरनं स्ट्रटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून दिली. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, सरकला.

कॅम्बर बदलला की टो बदलतोच. त्यामुळं आधी कॅम्बर, मग टो. उलट क्रमानं काम करणारा दिसला तर गाडी उचलून घरी या. आणि इथं अण्णांनी जे करून दिलं त्याचे खरे पैसे. ट्रॅकवर पुढच्या चाकांना थोडा टो-आउट (तोंडं बाहेर) बरा, स्टेअरिंग फिरवल्याबरोबर नाक आत येतं. पण तोच टो-आउट ठेवून बेंगळुरूपर्यंत गेलात तर गाडी हायवेवर भरकटत राहते आणि टायर आतनं खातो. लोक कॅम्बरला घाबरतात, पण कॅम्बरपेक्षा टायर खाणारा खरा टो. म्हणून रस्त्यासाठी टो शून्य लावला. मग मशीन चालू ठेवूनच टाय रॉडचं लॉक नट ढिलं करून रॉड पाव फेरा फिरवला, आणि आकडा किती हलतो ते माझ्यासमोर वाचलं. एका चाकाला साधारण 9 मिनिटं. पंधरा इंची रिमवर मोजलं तर 1 मि.मी. दोन्ही बाजूंना पाव-पाव फेरा, म्हणजे एकूण 2 मि.मी. टो-आउट. दोन्ही रॉडवर रंगाच्या दोन-दोन खुणा केल्या, एक पांढरी रस्त्याची, एक पिवळी ट्रॅकची. स्टेअरिंग रॅकच्या रबरी बुटाची क्लिप ढिली ठेवायची, नाहीतर रॉडबरोबर बूट पिळवटतो, हेही सांगितलं. करीला पोचल्यावर मी चाक न काढता, स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून, दोन पान्यांनी हे करतो. निघताना परत पांढऱ्यावर. हजारेक किलोमीटर टायर वाचतो.

मागं टॉर्शन बीम आहे, दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा. फिरवायला काही नाही, पण अण्णा मोजतात. मागची चाकं गाडीच्या मधल्या रेषेत नसली तर पुढचं कितीही सरळ लावा, स्टेअरिंग तिरकंच राहणार. माझं ठीक निघालं.

हवेबद्दल त्यांच्याशी माझं थोडं वाजलं. ते म्हणाले, इथंच ट्रॅकची हवा भरून जा. पण सोलापुरात मे महिन्याच्या दुपारी 41 अंश, आणि तिकडं सकाळी 23. तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरलं की हवा 1 पीएसआय कमी होते, म्हणजे इथं भरलेली 32 तिथं 29 दाखवणार. ट्रॅकवर दोन-तीन फेऱ्यांत तीच चढून कुठल्या कुठं जाते. हवा तिथंच, गरम टायरवर बघायची, हे माझं मत मी सोडलं नाही. ते 'तुमची गाडी, तुमची हवा' म्हणून दुसऱ्या गाडीकडं वळले.

कारखान्यात मागावर एका वेळी एकच पेच फिरवायचा, नाहीतर कापडात दोष कशानं आला ते कळत नाही. अण्णांचं कामही तसंच. मागचा अँटी-रोल बार (गाडीचं कलणं रोखणारा दांडा) जाड करू का, असं मी विचारलं तर म्हणाले, आधी हे पळवून या, टायर दाखवा, मग बोलू. पैसे मिळत असताना विकायला नाही म्हणणारा माणूस.

करीवरचा निकाल. टायरमध्ये सुई घालून तापमान मोजायचं यंत्र मी ठेवतो. लाल ठिपक्याची तापमानाची गन फक्त वरची कातडी दाखवते आणि पिटमध्ये येईपर्यंत ती थंड होते. आधी बाहेरची कड आतल्यापेक्षा 12-13 अंशांनी गरम असायची. आता आतली कड बाहेरच्यापेक्षा 4-5 अंशांनी गरम, मधला भाग त्या दोन्हींच्या मधे. उणा कॅम्बर असताना साधारण असंच पाहिजे. टायरच्या खांद्यावर लहान त्रिकोण छापलेला असतो, घासल्याची खूण आता तिथवर येऊन थांबते, खाली भिंतीवर उतरत नाही. स्टेअरिंग फिरवलं की नाक येतं. गाडीचं निम्म्याहून कितीतरी जास्त वजन पुढं आहे, त्यामुळं घट्ट वळणातनं निघताना लवकर ॲक्सिलरेटर दिला तर आतलं चाक अजूनही घसरतं. त्याला अलाइनमेंट काय करणार? एक नवी गोष्ट मात्र झाली. वेगात वळताना पाय एकदम उचलला तर मागची बाजू बाहेर यायला बघते. अण्णांनी ते आधीच सांगितलं होतं. मागची हवा दोन पीएसआयनं कमी केली आणि ती शांत झाली. नवशिक्यानं असलं सेटिंग घेऊन पावसात हायवेवर मस्ती करू नये. केबल टाय बंप स्टॉपला अगदी लागली होती, पण दबून बसलेली नव्हती. पांढरी रेघ अखंड.

आता तक्रारी. चार चाकांखाली ठेवायचे वेगवेगळे काटे त्यांच्याकडं नाहीत, त्यामुळं कॉर्नर वेट, म्हणजे एकेका चाकावरचं वजन जुळवणं, होत नाही. माझ्या गाडीत स्प्रिंगची उंची फिरवताच येत नाही, मला फरक पडत नाही. तुम्ही कॉइलओव्हर (कॉलर फिरवून उंची बदलता येणारे स्प्रिंग-शॉकॉप) घातले असतील तर मात्र पडेल. काटे नसताना चारही कॉलर टेपनं सारख्या केल्या तरी समोरासमोरच्या तिरप्या चाकांवर वजन सारखं येईलच असं नाही, आणि मग गाडी डावीकडं एका तऱ्हेनं वळते, उजवीकडं दुसऱ्या. मार्केट यार्डाजवळच्या वजनकाट्यावर नेऊन बघा, असं मला एकानं सुचवलं होतं. नेलीसुद्धा. तो ट्रकचा काटा, 10 किलोच्या खाली बोलत नाही. पुढचं-मागचं किती ते कळतं, पण एकेका चाकाचं काही कळत नाही. उसाच्या ट्रॉलीवाले मात्र मागं हॉर्न वाजवत उभे राहतात.

प्रिंटर बंद आहे आणि तो चालू करायची कुणाला घाई दिसत नाही. आकडे मला स्पेअरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून मिळाले. अक्षर चांगलं आहे, पण आधीचे-नंतरचे दोन्ही आकडे मागितल्याशिवाय मिळत नाहीत, तेव्हा मागाच. चाकाचे नट पोरगं गननं धडाधड आवळतं. तिथं उभं राहून 'टॉर्क रेंच लाव' म्हणावं लागतं. लावतात, पण म्हणावं लागतं. फोन उचलत नाहीत. दुपारी जेवायला गेले की तासभर दुकान पोरांच्या भरवशावर, त्या वेळेत गाडी मशीनवर चढू देऊ नका.

पैसे: साधं अलाइनमेंट 500. माझं स्प्रिंग, बुश, बोल्ट, दोन्ही टोच्या खुणा आणि चाचणीची चक्कर धरून मजुरी 4,200 झाली, सामान वेगळं. सकाळी लावलेली गाडी दिवेलागणीला मिळाली. काचेच्या दुकानात हिरव्या प्रिंटला मी याच्या आसपासच पैसे दिले होते.

जायचं असेल तर मंगळवार-बुधवारी सकाळी नऊच्या आत जा, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या गाड्या आल्या की तुमचा नंबर मागं पडतो. कॅम्बर बोल्ट स्वतः घेऊन जा, ते ठेवत नाहीत. पण आणण्याआधी आपल्या गाडीचा स्ट्रट दोन बोल्टांनी धरलाय का बघा. पोलोसारख्या गाडीत तो नकलच्या पकडीत बसतो, तिथं हे बोल्ट चालतच नाहीत. आणि गाडी खालनं धुऊन न्या. चिखलाच्या गाडीखाली अण्णा शिरत नाहीत, पोराला पाठवतात.